तीन बाजूंना गोट

पौषातल्या एका शनिवारी सकाळी, कचेरी उघडण्याच्या आधी, पनवेलमधल्या आमच्या घरामागच्या विहिरीवर एक गोधडी धुतली गेली. गोधडी नवी होती. तिच्या तीन बाजूंच्या कडांना लाल खारव्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, गोट लागलेला होता. चौथी, पायाकडची बाजू उघडी होती. धुणारी माझी आत्या. धुऊ नये म्हणणारी माझी आई. साल एकोणीसशे पन्नासच्या थोडं अलीकडचं किंवा थोडं पलीकडचं. याबाबत घरात एकमत नाही.

गोट अर्धवट लावलेली गोधडी पाण्यात घालत नाहीत, हे सुई हातात धरणारी कोणतीही बाई सांगेल. एक तर गोट लावण्याआधी धुवावी, नाहीतर लावून झाल्यावर. पण या दोन मतांच्या दोन बायका त्या आठवड्यात आमच्याकडे एकाच छपराखाली होत्या. त्यामुळे तिसरी गोष्ट घडली.

मी तेव्हा मुंबईच्या एका वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो आणि रजेवर घरी आलो होतो. पुढे लिहिलं आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, काही नंतर संबंधितांना विचारून घेतलं. जिथे दोघांचं म्हणणं जुळत नाही, तिथे तसं नमूद केलं आहे.

बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिच्या बाजेवर घालायला आई दिवाळीपासून गोधडी शिवत होती. वर तिची दोन जुनी लुगडी, पोटात वडिलांची धोतरं आणि शेजारच्या नर्सबाईंनी दिलेलं एक विरलेलं पातळ. मधलं सगळं शिवून झालं होतं. राहिला होता फक्त गोट, म्हणजे चारही कडा झाकणारी पट्टी. त्याच सुमारास आत्या पेणहून आली. ती वडिलांची थोरली बहीण. सोबत डिंक, सुंठ, अळीव आणि मतं घेऊन आली होती.

आल्या दिवशी तिने गोधडी उलटीपालटी करून पाहिली. टाके बारीक आहेत, असं म्हणाली. मग विचारलं, "धुतलीस का, वहिनी?"

"गोट लावून झाला की धुईन, वन्सं."

"गोट लावून? अगं, खारवा नवा, लुगडी जुनी. खारवा पहिल्या पाण्यात आटणार. गोट आटला की गोधडी चहूकडून आवळणार आणि मधे फुगणार. मग तिने निजायचं कसं? गोधडीवर की पुरीवर?"

"गोटाशिवाय धुतली तर कडा सुटतील. थर सरकतील."

"आमच्या पेणला नाही सरकत."

आईने त्याच दुपारी खारवा बादलीत भिजवला. पाणी लाल झालं. पिळून, वाळवून, पट्ट्या फाडून तिने त्या आत्याला दाखवल्या. आता आटायचं ते आटलं होतं. मुद्दा तिथेच संपायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आत्याने मुद्दा बदलला. गोधडी इतके दिवस माजघरात पसरलेली, तिच्यावरून माणसं चालली, मांजर निजलं. पोटात धूळ गेली असणार. गोट लावला की ती धूळ आत कोंडली जाणार, आणि तिच्यावर चार दिवसांचं मूल निजणार.

"एकदा तोंड बांधलं की आतलं बाहेर कसं यायचं?" ती म्हणाली.

आईला नेमकी तीच भीती होती. फक्त दिशा उलटी.

कारण असं. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांच्याकडे आलपाकाचा एक काळा कोट होता. नोकरी लागली तेव्हा आत्याने तो शिवून दिला होता. कोपरांवर तो आरशासारखा झाला होता. आतल्या खिशावर तांबड्या शाईचा तळहाताएवढा डाग होता, कारण कचेरीतलं पेन एकदा खिशात गळलं होतं. काखेत आईने तो इतक्यांदा रफू केला होता की मूळ कापड कुठलं आणि रफू कुठलं हे तिलाही सांगता येत नसे. बहिणीच्या लग्नात नवा कोट शिवला. वडिलांनी तो घडी मोडून पाहिला, छान आहे म्हणाले, आणि जुना घालून मांडवात उभे राहिले. व्याह्यांच्या शेजारी. त्याचा फोटो आहे.

आता बारसं येणार होतं. व्याही पुन्हा येणार होते. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला एके दिवशी आईने कोट उचलला, भिंतीपलीकडे नर्सबाईंकडे नेला आणि त्यांच्या मोठ्या कात्रीने शिवणी उसवून त्याचे चार तुकडे केले. फेकून देणं तिच्या हातून होईना. गोधडी पायाकडे पातळ वाटत होती. मधलं शिवण तोवर पूर्ण होत आलं होतं, म्हणून तुकडे तिने पायाकडच्या कडेने आत सारले आणि कच्च्या दोऱ्याने अडकवून ठेवले. गोट लागला की पक्के बसणार होते. गोट लागेपर्यंत मात्र ते कुणी पाहायचे नव्हते. आत्याने तर मुळीच नाही.

ही माहिती आईने मला स्वतः दिली. नर्सबाईंनी तिला दुजोरा दिला. कापताना आई रडली, असं त्यांचं म्हणणं. आईने ते नाकारलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण वडिलांनी कोट शोधला. दोन दिवस शोधला, आणि मग निष्कर्ष काढला की तो परटाने हरवला. आमचा परीट वडिलांच्या वयाचा होता आणि कितीतरी वर्षं आमच्याकडचं बोचकं नेत होता. कोट आपल्याकडे आलाच नाही, असं त्याने सांगितलं.

"मग काय उडून गेला?" वडील म्हणाले.

"साहेब, तो कोट मी धुवायला घेतच नसे. धुतला असता तर राहिला नसता."

हे उत्तर खरं असल्यामुळे वडील जास्त चिडले. त्यांनी बोचकं दुसऱ्या आळीतल्या परटाकडे द्यायला सुरुवात केली. जुना परीट दारावरून जाताना मान खाली घालून जाऊ लागला. त्याची बायको विहिरीवर आईला एकदाच म्हणाली, "वैनी, आमच्या घरातून आजवर कुणाचा रुमालसुद्धा गेला नाय हो." त्यानंतर आईने त्यांच्याकडे आधी वाल पाठवले, मग तांदळाचं पीठ, मग संक्रांत बरीच लांब असताना तिळगूळ. परटाची बायको प्रत्येक वेळी वाटी धुऊन परत पाठवी. वाटीत कधी चिमूटभर साखर असे, कधी कण्हेरीचं फूल. त्यात काही बोलणं नसे.

खरं सांगावं तर वडिलांना सांगावं लागणार. वडिलांना सांगावं तर आत्या घरात. आत्याला कळलं, तर भावाचा पहिला कोट भावजयीने कातरला, ही बातमी पेणमध्ये सगळ्या नात्यात पसरणार. आईने ठरवलं की आधी गोट लावायचा, मग आत्याला पेणला जाऊ द्यायचं, आणि मग वडिलांना सांगायचं. सगळं गोटावर अडलेलं होतं.

आत्याने पंच म्हणून नर्सबाईंना बोलावलं. नर्सबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, होत्या आणि नगरपालिकेच्या दवाखान्यात नोकरीला होत्या. शेजारपाजारची निम्मी मुलं त्यांच्या हातावर जन्मली होती. स्वच्छतेच्या बाबतीत त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे. दवाखान्यात त्या पट्ट्या उकळायला लावत, माणसांनाही उकळता येत नाही याचं त्यांना वाईट वाटे, असं गावात म्हणत. आपल्या बाजूने साक्षीदार मिळाला, असं आत्याला वाटलं.

"नर्सबाई, तुम्हीच सांगा. बाळंतिणीच्या अंगाखालची गोधडी. गोट आधी की धुणं आधी?"

नर्सबाईंनी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती, आणि एकच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत होती.

"ऊन द्या," नर्सबाई म्हणाल्या.

"ऊन?"

"कडक ऊन. दोन्ही बाजूंनी. उन्हाने जंतू मरतात."

"मी धुण्याचं विचारते आहे."

"ओल राहिली तर बाळाला सर्दी होईल. थंडीचे दिवस."

"नर्सबाई, गेल्या खेपेस तुम्हीच मला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतंत, हात धुऊन या म्हणून. तेव्हा ऊन नाही दाखवलंत हातांना!"

नर्सबाईंना दवाखान्यातलं काम आठवलं. त्या गेल्या.

कोळीण मासळी घेऊन दारात आली होती. टोपलीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "आमी तं गोटबीट काय लावत नाय. समुद्राचं वारं हाय, आपोआप वाळतंय. बोंबील घ्या, ताजं हाय."

"तुमच्या गोधडीला वास नाही येत?" आत्याने विचारलं.

"येतो की. म्हनून तं झोप लागतेय."

रात्री जेवताना आत्याने प्रकरण वडिलांपुढे ठेवलं. दोन्ही बाजू त्यांनी कचेरीतल्या पद्धतीने ऐकून घेतल्या. मग विचारलं, "आक्का, धुतली तर किती वेळात वाळेल?"

"ऊन असलं तर दोन दिवस."

"आणि ही म्हणते तसं गोट आधी लावला, तर काय बिघडेल?"

"धूळ कोंडेल."

"धूळ तर कचेरीतही कोंडलेली आहे. आम्ही जगतोच आहोत." त्यांनी आमटी वाढून घेतली. "ज्याने शिवली त्याने ठरवावं."

आईने हा निकाल आपल्या बाजूने धरला. आत्याने निकाल झालाच नाही असं धरलं.

गुरुवारी दुपारी आईने गोट लावायला घेतला. शुक्रवारी नर्सबाई दवाखान्यातून लवकर आल्या आणि मदतीला बसल्या. दोघींनी डोक्याकडची आणि दोन्ही लांब बाजू पुऱ्या केल्या. पायाकडची बाजू शेवटी ठेवली, कारण तिथे आत कोटाचे तुकडे होते आणि तिथला टाका सावकाश घालायला हवा होता. ही आखणी चुकली. ऊन भिंतीवरून खाली उतरलं तसं नर्सबाईंनी सुई कापडात टोचून ठेवली. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत त्या घरकामाला हात लावत नसत.

"वहिनी, शब्बाथ लागेल आता. उद्या संध्याकाळी तारे दिसले की येते, ही बाजू मी करते."

"अगदी चार बोटं तरी?"

"चार बोटं नाही न् एक टाका नाही. आईने शिकवलंय तेवढं तरी पाळू दे."

आईला चाळिशी लागली होती. कंदिलाच्या उजेडात तिला सुई ओवता येत नसे. आत्याला येत असे. आईने आत्याला सांगितलं नाही आणि आत्याने विचारलं नाही. सकाळी उजाडताच बसायचं, असं आईने ठरवलं आणि गोधडी घडी करून पेटीवर ठेवली.

उजाडताच आई उठली तेव्हा गोधडी विहिरीजवळच्या दगडी डोणीत होती आणि आत्या तिच्यावर उभी राहून पायाने तुडवत होती. पदर खोचलेला. रिठ्याचा फेस घोट्यांपर्यंत.

"वन्सं! एक बाजू उघडी आहे तिची!"

"पाहिलं मी. बरं केलंस ते. पाणी निघून जायला वाट राहिली."

पाणी निघून गेलं नाही. पाणी आत गेलं. तीन बाजूंनी बंद आणि चौथीने उघडी अशी गोधडी म्हणजे पखालच होती. आत्याने स्वच्छ पाण्याच्या बादल्या ओतल्या तशी ती फुगली. मग ती बाहेर काढायची वेळ आली आणि दोघी बायकांना ती डोणीच्या काठावरही चढेना. आईचा हात पूर्ण वेळ पायाकडच्या तोंडावर होता. आत्याला वाटलं की ती झटते आहे.

"अरे, इकडे ये रे!" आत्याने वडिलांना हाक मारली. "कचेरी पळून नाही जात!"

वडील दाढी अर्धी करून आले. धोतर वर खोचलं. गोधडी काठावर ओढली गेली, मग फरशीवर. आता ती पिळायची होती. एका टोकाला आत्या. दुसरं टोक, उघडं, आईने धरलं.

"तू सोड," वडील म्हणाले. "कंबर धरेल."

"नाही धरणार."

"सोड म्हणतो ना."

आईने सोडलं. तिने भिंतीपलीकडे पाहिलं. नर्सबाई आपल्या मागच्या दारात उभ्या होत्या. शनिवार असल्यामुळे त्या काही करत नव्हत्या; फक्त पाहत होत्या.

आत्याने उजवीकडे पीळ दिला, वडिलांनी डावीकडे. पाणी भसकन आलं, आणि पाण्याबरोबर वडिलांच्या हातात काळ्या कापडाचा एक तुकडा बाहेर आला. तुकड्यावर खिसा होता. खिशावर तळहाताएवढा तांबडा डाग होता.

वडील थांबले. हे मी विहिरीच्या रहाटापाशी उभा राहून पाहिलं. त्यांच्या अर्ध्या गालावर साबण होता. त्यांनी खिसा अंगठ्याने चाचपला, पेन काढायला चाचपावा तसा.

"काय झालं रे?" पिळाच्या त्या टोकाकडून आत्या म्हणाली.

"काही नाही, आक्का. दोरा निघालाय."

"बघ! मी म्हणत होते ना, टाके कच्चे आहेत."

"कच्चे आहेत," वडील म्हणाले. त्यांनी तुकडा आत सारला आणि कडेवर मूठ आवळली. "आक्का, तू सोड आता. हात गार पडले तुझे. आत जाऊन चहा टाक. मी नि ही पिळतो."

"तुला जमेल?"

"जमवतो."

आत्या आत गेली. आईने दुसरं टोक धरलं. दोघांनी गोधडी पिळली, झटकली, पुन्हा पिळली. मग दोघांनी ती पेरूच्या झाडाला बांधलेल्या दोरीवर टाकली, उघडी बाजू भिंतीकडे करून. ही कल्पना वडिलांची होती.

"हिचा गोट उद्यापर्यंत पुरा झाला पाहिजे," ते म्हणाले. "वाळो न वाळो."

नंतर ते उरलेली दाढी करायला गेले.

संध्याकाळी नर्सबाई अंगणात उभ्या राहून आभाळाकडे पाहत होत्या. तारे दिसल्यावर भिंतीला हात टेकत आल्या. गोधडी ओलीच होती. ओल्या कापडात सुई नीट जात नाही. त्यांनी आणि आईने तरीही चौथी बाजू लावली. त्या टाक्यांची एक ओळ पुढे कायम वाकडी राहिली. आत्याने तिकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "माझी आहे ती. इंजेक्शन द्यायचा हात, शिवायचा नव्हे."

सोमवारी वडील कचेरीत जाताना बोचकं घेऊन स्वतः जुन्या परटाकडे गेले. तिथे काय बोलणं झालं याच्या दोन हकिगती आहेत. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी बोचकं ठेवलं आणि ते निघाले. परटाच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी आधी पायताण काढलं, ओट्यावर बसले, आणि म्हणाले, "कोट सापडला. माझंच चुकलं." परटाने विचारलं, कुठे सापडला. "घरातच होता. नीट ठेवलेला होता." परटाच्या बायकोने त्यांना चहा दिला, याबाबत दोन्ही हकिगती जुळतात.

त्यानंतर आमच्या घरून तिकडे वाल गेले नाहीत.

मी एकदा वडिलांना सरळ विचारलं की तुम्ही आईला काही बोललात का. ते म्हणाले, "कशाबद्दल?" आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तेच काही बोलले नाहीत, तर मी काय सांगणार?" तिने ठरवलेलं सांगणं राहून गेलं. वडिलांनी एवढंच केलं की काही दिवस रोज रात्री निजण्यापूर्वी गोधडीची पायाकडची बाजू हाताने दाबून पाहिली. वाळली का ते पाहतो, असं ते म्हणत. ती केव्हाच वाळली होती.

माघात बहिणीला मुलगी झाली. बारशाला व्याही आले. वडिलांनी नवा कोट घातला होता. तो त्यांना खांद्यावर थोडा सैल होत होता. आत्या पाळण्याच्या दोऱ्या सारख्या करत होती. तिने भावाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आज हा? आणि मी दिलेला तो कुठाय रे?"

आई हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी होती. नर्सबाई घुगऱ्या वाटत होत्या; त्या एकाच माणसाला दोनदा वाढून गेल्या.

"तो होय?" वडील म्हणाले. "तो आता मी घरात वापरतो, आक्का."

"बरं करतोस. ऊब होती हो त्याला."

"आहे अजून."

बहीण बाजेवर पाय पसरून बसली होती, गोधडीवर. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

आत्या पेणला निघाली त्या दिवशी तिने पिशवी दारात ठेवली आणि परत आत जाऊन बाजेवरची गोधडी पायाकडून उचलून पाहिली. "वहिनी," ती म्हणाली, "ही बाजू जड झालीय हो. पोरीचे पाय गरम राहतील." मग एसटीची वेळ झाली म्हणून ती गेली. तिला किती ठाऊक होतं, याची खात्री करून घेता आली नाही. पेणला त्या कोटाविषयी कोणी काही ऐकलं, असं आढळलं नाही.

पुढे काही वर्षांनी नर्सबाई मुलाबाळांसह इस्रायलला गेल्या. जाताना त्यांनी मोठी कात्री आईकडे ठेवली. त्याच सुमारास गोधडीचा खारवा विरला आणि गोट बदलायची वेळ आली. आईने त्या कात्रीने चारही बाजूंचा जुना गोट उसवला. मग तिने वडिलांना विहिरीवर हाक मारली. दोघांनी गोधडी धुतली, दोन्ही बाजूंनी ऊन दिलं, आणि वाळल्यावर आईने कोटाचे तुकडे पुन्हा आत सारून तिला नवा गोट लावला.